कॅन्सर गावात कमी, मरण मात्र सारखंच

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली निघालेला अहवाल उघडला की एका तक्त्यापाशी मराठी वाचक थबकतो. देशातल्या २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांचे २०१२ ते २०१६ या काळातले आकडे तिथे आहेत. सर्वांत कमी कॅन्सर कुठे? उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आणि बीड. तिथे वर्षाला दर लाख पुरुषांमागे ३९.५ नवे रुग्ण, दर लाख स्त्रियांमागे ४९.४. त्याच अहवालात मुंबईचे दोन्ही आकडे शंभरी ओलांडतात आणि दिल्लीच्या पुरुषांचा आकडा १४७ वर जातो.

यावरून निघणारा निष्कर्ष तयारच असतो. ज्वारीची भाकरी, कष्टाचं शरीर, मोकळी हवा. कॅन्सर होईलच कसा? भाषणांतून आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर शंका घेणं म्हणजे गावाशी वैर धरल्यासारखं वाटतं. तरीही शंका घ्यायला हवी. धाराशिव-बीडचा आकडा कुणी खोटा लिहिलेला नाही, पण त्यावरून गाव निरोगी ठरवणं चूक आहे, आणि त्या आधारावर सरकारी पैसा वाटला तर तो ग्रामीण रुग्णावर उघड अन्याय आहे. कसा, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. आधी आकडा कसा तयार होतो ते पाहू.

परंडा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाली आणि अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. ती कुणाला बोलत नाही. सुनेच्या लक्षात आलं तर ‘उष्णता झालीय’ म्हणून वेळ मारून नेते. सुगी उरकेपर्यंत दुखणं अंगावर काढते. मग गावातला डॉक्टर इंजेक्शन देतो, दोन आठवडे बरं वाटतं. पुढे तालुक्याला नेतात, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असेल त्या वाराला नंबर लागतो. त्यांना संशय आला तर तुकडा काढून तपासायला सोलापूरला किंवा बार्शीला जा म्हणतात. जायचं तर घरातल्या एकाची रोजंदारी बुडते, शिवाय एसटीचं भाडं आणि मुक्कामाचा प्रश्न. रिपोर्टसाठी पुन्हा फेरी.

एवढ्या पायऱ्या पार पडल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुणी तो तुकडा पाहिला, तरच नोंदणी केंद्राच्या रजिस्टरात एक ओळ वाढते. यातल्या कुठल्याही पायरीवर ती बाई थांबली तर तिचा आजार होतो, बळावतो, तिला घेऊन जातो. तक्त्यात मात्र तो कधी झालेलाच नसतो.

निदान राहून गेलेल्यांची चूक मृत्यूच्या दाखल्यावरून दुरुस्त करता येते. मुंबईत नोंदणीचे कर्मचारी महापालिकेच्या मृत्युनोंदी चाळतात आणि जिवंतपणी सुटलेले रुग्ण तिथून उचलतात. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली मुंबईची नोंदणी देशातली पहिली. तिच्या हाती शहरातली इस्पितळं, पॅथॉलॉजी लॅब आणि दाखले असं तिहेरी जाळं आहे. गावात तिसरा धागाच कच्चा. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांत ‘म्हातारपण’, ‘अशक्तपणा’, ‘पोटाचं दुखणं’ असं काहीही असू शकतं.

२. वयाचा हिशेब केलेला असतो, तेव्हा वयाची सबब पुरत नाही.

काहींना वाटतं की शहरात म्हातारी माणसं जास्त म्हणून कॅन्सर जास्त. वर दिलेले दर वय-समायोजित आहेत, म्हणजे दोन्हीकडे वयाची रचना एकसारखी धरून काढलेले. तरी अडीचपट फरक उरतो. (वर्तमानपत्रं बरेचदा कच्चा दर आणि समायोजित दर एकाच बातमीत मिसळतात.)

३. फरकाचा काही भाग खराच आहे, तो नाकारू नये.

सगळा फरक नोंदीतल्या गळतीचा, असं म्हणणारेही आहेत. तेही तितकेच घाईत आहेत. स्तनाचा कॅन्सर शहरात खरोखरच जास्त होतो. उशिरा पहिलं मूल, मुलं कमी, स्तनपानाचे महिने कमी, वजन जास्त, ही त्याची माहितीतली कारणं आहेत आणि ती मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात ठासून भरलेली आहेत. उलट गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला लहान वयातलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं आणि एचपीव्ही विषाणूची तपासणीच न होणं पोषक ठरतं. म्हणून बार्शी भागात तो वर्षानुवर्षं बायकांच्या यादीत पहिला राहिला.

तोंडाच्या कॅन्सरचं काय? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, पण तंबाखू चघळणारे किंवा तोंडात धरणारे २४.४ टक्के. विडी-सिगारेट ओढण्यात आपलं राज्य देशात खालच्या रांगेत आहे. मात्र गावाकडच्या बाईच्या सकाळच्या मिश्रीला आपण अजून व्यसन म्हणायला तयार नाही. दात घासायचं निमित्त, तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास, आणि बोट हिरडीवर अर्धा तास. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली. मिश्रीपर्यंत कुठलीही बंदी पोचलेली नाही.

आणि शहर-गाव ही रेघ तरी कितपत पक्की? त्याच २०२० च्या अहवालात पुरुषांचा सर्वाधिक दर मुंबई-दिल्लीत नाही, मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात आहे: लाखामागे २६९.४. स्त्रियांचा सर्वाधिक अरुणाचलातल्या पापुमपारे जिल्ह्यात: २१९.८. ही काही महानगरं नव्हेत. डोंगर, मोकळी हवा, शेती, सगळं तिथेही आहे. हवापाण्याचा महिमा गाणाऱ्यांनी ऐझॉलचं उत्तर द्यावं.

४. बार्शीने चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्न नीट विचारला होता.

ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयात सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातल्यासारखं इस्पितळात बसून फायली गोळा करण्याची सोय नव्हती, कारण रुग्ण इस्पितळात येतच नव्हते. तेव्हा नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंच, शिक्षक, दाई, गावचा डॉक्टर यांना भेटले. कुठली लक्षणं दिसली तर रुग्णालयात आणायचं ते समजावून सांगितलं. संशयित रुग्णांना तपासणीपर्यंत आणलं. मोजायला गेलेली माणसं बोलतही होती आणि त्याचा परिणाम झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. महागडं यंत्र एकही नव्हतं.

याच पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया घेतल्या, गावांचे ५२ गट पाडले. एका भागात एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात नुसतं ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटात नेहमीचीच सेवा. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या दोन ओळी प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली असाव्यात असं मला वाटतं.

एचपीव्ही चाचणीच्या गटात कॅन्सरचा दर लाखामागे वर्षाला ४७.४. काहीच न केलेल्या गटात ४७.६. म्हणजे सारखाच. आणि मृत्यू? एचपीव्हीच्या गटात १२.७, काहीच न केलेल्या गटात २५.८. निम्मे!

नव्या रुग्णांच्या रकान्याकडेच पाहत बसलेल्या माणसाला या दोन गटांत काहीही फरक दिसला नसता. गावं तीच, बायका तशाच, आजार तेवढाच. एकीकडे तो लवकर सापडला, दुसरीकडे हाताबाहेर गेल्यावर. (चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं, यावर पुढे बरीच टीका झाली. ती रास्त होती. पण त्या बायकांच्या मरणातून जे कळलं ते वापरायचंही नाही, हा आणखी मोठा अपराध होईल.)

५. मरणाचा तक्ता वेगळंच सांगतो.

कॅन्सरमुळे मेलेल्यांचा ग्रामीण भारतातला हिशेब दाखल्यांवरून निघत नाही, हे वर आलंच. म्हणून २००१ ते २००३ या काळातल्या मृत्यूंसाठी सर्वेक्षक घरोघर गेले, मेलेल्या माणसाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत घरच्यांकडून लिहून घेतली, आणि ती दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचून कारण ठरवलं. या अभ्यासातले कॅन्सरचे निष्कर्ष २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. देशात २०१० साली कॅन्सरने सुमारे ५ लाख ५६ हजार माणसं गेली असा अंदाज निघाला. ३० ते ६९ वयोगटात, दर लाखामागे: ग्रामीण पुरुष ९५.६, शहरी पुरुष १०२.४. ग्रामीण स्त्रिया ९६.६, शहरी स्त्रिया ९१.२.

जवळजवळ बरोबरी. स्त्रियांत तर गाव किंचित पुढेच, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नाही. हे आकडे साऱ्या देशाचे आणि ठरावीक वयाचे आहेत. ते धाराशिवच्या दराशेजारी ठेवून भागाकार करू नये. दिशा मात्र उघड आहे. नव्या रुग्णांत दुपटी-अडीचपटीचं अंतर आणि मृत्यूंत अंतरच नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर मुख्य वाटा दोन आहेत. एक तर गावातले रुग्ण नोंदले जात नाहीत, नाहीतर नोंदले गेलेले फार मोठ्या प्रमाणावर मरतात. बहुधा दोन्ही.

एक तिसरी वाटही सांगायला हवी, कारण ती आपल्या ओळखीची आहे. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत आयुष्य काढलेला चाकरमानी दुखणं असाध्य ठरलं की कोकणात किंवा साताऱ्याकडे घरी परततो. निदान मुंबईच्या खात्यावर, मरण गावच्या खात्यावर. पण बायकांच्या आकड्यांचा उलगडा एवढ्यावरून होत नाही.

याच अभ्यासातला सगळ्यात टोचणारा आकडा गाव-शहराचा नाहीच. अशिक्षित पुरुषांत कॅन्सर-मृत्यूचा दर १०६.६, सर्वाधिक शिकलेल्यांत ४५.७. स्त्रियांत १०६.७ आणि ४३.४. धारावीतली निरक्षर बाई आणि भूममधली निरक्षर बाई यांचं नशीब एकमेकींच्या जवळ आहे. मलबार हिलचा शेजार धारावीच्या बाईला उपयोगी पडत नाही.

६. पत्ता कुणाचा?

परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या आवारात आणि समोरच्या फुटपाथवर महाराष्ट्रातले सगळे तालुके भेटतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळालेला भाग्यवान. नोंदणीचा नियम असा की निदानाआधी किमान वर्षभर जो त्या भागात राहिला तोच तिथला रहिवासी. केसपेपरवर मात्र नातेवाइकाचा मुंबईतला पत्ता लिहिलेला असतो, कारण पत्र, फोन, निरोप त्याच पत्त्यावर येणार. नोंदणीचा कर्मचारी चांगला असेल तर विचारतो, ‘बाबा, इथं किती वर्षं राहता?’ कामाच्या रेट्यात हा प्रश्न राहून गेला की बीडचा माणूस डोंबिवलीकर होतो. नोंदणी केंद्रं यासाठी छाननी करतात, ती पुरेशी होते का हे त्यांच्या कर्मचारीसंख्येवर ठरतं.

७. लहान गावाचा दर हेलकावे खातो.

अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि प्रत्येकीचा कॅन्सरचा दर छापला जातो. मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा सर्वांत कमी दर असलेल्या काउंटी पाहिल्या तर बहुतेक ग्रामीण, विरळ वस्तीच्या. लगेच वाटतं, स्वच्छ हवा! मग सर्वांत जास्त दराच्या काउंटी पाहाव्यात. त्याही ग्रामीण आणि विरळ वस्तीच्याच. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने ही गोष्ट पुढे आणली. दोन हजार वस्तीच्या गावात एक रुग्ण जास्त सापडला की दर आभाळाला भिडतो, एकही नाही सापडला की शून्य. त्यात हवेचा हात नसतो.

म्हणून ‘आमच्या गावात वर्षात सात जण गेले, पाणीच विषारी आहे’ ही बातमी वाचताना धीर धरावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याबद्दल अशी तक्रार कित्येक वर्षांची आहे, बोट कीटकनाशकांकडे आणि पाण्याकडे दाखवलं जातं. तक्रार हसण्यावारी नेऊ नये. तिचं उत्तर पाच-दहा वर्षांची सलग नोंद देऊ शकते, एका वर्षाची बातमी देऊ शकत नाही. पंजाबात भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोकांनी ‘कॅन्सर ट्रेन’ नाव दिलं, माळवा भागातल्या शेतीची औषधं साऱ्या देशात बदनाम झाली. पुढे तिथे नीट नोंदणी सुरू झाली तेव्हा संगरूर आणि मानसा या माळव्यातल्या जिल्ह्यांचा एकूण दर चंडीगड शहरापेक्षा कमी निघाला. कीटकनाशकं निर्दोष ठरली असा याचा अर्थ नाही. पण ती गाडी भरून जायची यामागे घराजवळ परवडणारा उपचार नसणं, हे एक ढळढळीत कारण होतं आणि त्यावर कुणी मोर्चा काढला नाही.

८. श्रीमंत देशातही हेच चित्र आहे.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१७ साली दाखवून दिलं की ग्रामीण काउंटींमध्ये एकूण नवे कॅन्सर शहरांपेक्षा थोडे कमी, पण मृत्यू जास्त: लाखामागे १८० विरुद्ध १५८. तिथे नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे गळतीची सबब चालत नाही. उरतं ते अंतर, विमा, डॉक्टरांची टंचाई आणि तंबाखू.

९. ‘तपासण्या वाढवल्या की रुग्णच वाढतील’ हा आक्षेप.

वाढतील, आणि काही वेळा उगाचच वाढतील. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने गळ्याच्या गाठी शोधण्याची लाट आली आणि थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ ते २०११ दरम्यान १५ पट झालं. त्याने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. मुंबई-पुण्याच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजवाल्यांनी हे वाचावं. म्हणजे शहराचा मोठा आकडाही सगळा आजाराचा नसतो, त्यात थोडा तपासणीच्या धंद्याचाही असतो.

पण गर्भाशयमुख आणि तोंड यांची गोष्ट वेगळी. तिथे कॅन्सर होण्याआधीची अवस्था सापडते आणि स्वस्तात काढता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या किती भारतीय स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती? शहरात २.२ टक्के, गावात १.७ टक्के. अतितपासणीची भीती घालण्याची वेळ अजून बरीच लांब आहे.

१०. आता मागण्या.

नोंदणी केंद्रांखाली देशाच्या लोकसंख्येचा लहानसाच हिस्सा येतो; उरलेल्यांचे आकडे या नोंदींवरून ताणून काढलेले अंदाज असतात. कॅन्सरची नोंद देशभर सक्तीची करावी अशी शिफारस संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२२ साली केली आहे. ती अमलात आणावी. नुसत्या कायद्याने ओळ वाढत नाही, म्हणून प्रत्येक जिल्ह्याला घरोघर जाणारे नोंदणी कर्मचारी हवेत, बार्शीने ठेवले तसे, आणि पगारी.

दर वर्षी छापल्या जाणाऱ्या तक्त्यात नव्या रुग्णांशेजारी आणखी दोन रकाने हवेत: निदान कोणत्या टप्प्यावर झालं, आणि किती जण दगावले. हे तीन एकत्र नसतील तर गाव-शहर तुलना छापूच नये. निधी वाटताना पहिला रकाना नव्हे, उशिरा निदान झालेल्यांचं प्रमाण धरावं. नाहीतर ज्या जिल्ह्यात रुग्ण सापडतच नाहीत त्याला पैसाही मिळणार नाही आणि पैसा नाही म्हणून रुग्ण सापडणार नाहीत.

तुकडा सोलापूरला जावा, बाई नाही. उपजिल्हा रुग्णालयात बायोप्सी काढून नमुना पाठवण्याची आणि रिपोर्ट फोनवर येण्याची सोय करणं ही काही चांद्रमोहीम नाही. गावातल्या प्रत्येक मृत्यूची हकीकत आशा ताईंकडून लिहून घेता येईल, मात्र त्यांच्या आधीच वाकलेल्या खांद्यावर फुकटात आणखी एक रजिस्टर ठेवू नये.

जिल्हा नियोजन समितीची बैठक वर्षातून काही वेळा होते, आरोग्याचा विषय तिथे येतोच. आपला जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार भेटला तर त्याला एवढंच विचारा: गेल्या वर्षी आपल्या तालुक्यात कॅन्सरचे जे रुग्ण सापडले, त्यांतले किती पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडले? उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या.